अनुभव धागा : कामाच्या दिवशी रात्रीचे चीज-बटाटे

शेवंती
काल वाण्याकडे वरच्या फळीवर चीजचा गोल पत्र्याचा डबा दिसला आणि आईच्या काचऱ्या आठवल्या. फोर्टमधली कचेरी सुटल्यावर चर्चगेटहून गाडी पकडून ती घरी पोहोचेपर्यंत साडेसात वाजलेले असत. एका शेगडीवर वरणभाताचा कुकर चढला की दुसरीवर लोखंडी तव्यात बटाट्याच्या पातळ काचऱ्या पडत. मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची आणि वर झाकलेल्या थाळीत पाणी, एवढाच सरंजाम असे. काचरी उलथन्याच्या कडेने सहज तुटू लागली की ती गॅस बंद करी, मगच किसलेले चीज भुरभुरवी आणि पुन्हा थाळी झाकी. वरणाला फोडणी देऊन होईपर्यंत चीज वितळून काचऱ्यांना बिलगलेले असे, आणि तळाची खरवड कोणाला मिळणार यावर आम्हा भावंडांची रोज सुनावणी भरत असे. ओव्हन तापवत बसायला सवड नसते, अशा दिवशी आपण हा पदार्थ कसा करता, ते लिहावे.

तिरफळ
आमच्याकडे काचऱ्यांत मीठ निम्मेच घालतात, कारण चीज मुळातच खारट असते. चार मध्यम बटाट्यांना २५ ग्रॅमचे दोन क्यूब पुरतात. क्यूब दहा मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवला तर किसणीला चिकटत नाही आणि मुलांना किसायला देता येतो.

काथ्याकूट
शेवंतीताई, आपल्या आईंनी गॅस बंद करूनच चीज घातले, यातच सारी मेख आहे. चीजमधील केसीन हे प्रथिन कॅल्शियमच्या साहाय्याने स्निग्धांश धरून ठेवते. आच प्रखर झाली की प्रथिनाच्या गुठळ्या होतात आणि तूप वेगळे सुटते. जुन्या, मुरलेल्या चेडरच्या बाबतीत हे हमखास घडते. डब्यातले प्रक्रिया केलेले चीज मात्र बरेच सोसते, कारण त्यातील सायट्रेट किंवा फॉस्फेट क्षार कॅल्शियमला बांधून ठेवतात आणि मिश्रण एकजीव राहते. स्वित्झर्लंडमधील थुन या गावी गेर्बर आणि स्टेटलर यांनी १९११ मध्ये सायट्रेट वापरून असे चीज प्रथम तयार केले. चोखंदळ मंडळी या चीजला नाके मुरडतात. परंतु रात्री आठ वाजता, दोन्ही शेगड्या अडलेल्या असताना, मला त्याच्यासारखे भरवशाचे दुसरे काही सापडलेले नाही.

रानजाई
वाचून तोंडाला पाणी सुटले आहे. कुकरच्या शिट्ट्या होत आहेत, त्या मोजून पुन्हा येते.

सरोवराकाठी
आम्ही अमेरिकेतील युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीत राहतो. युटामध्ये घरात कोणाचे निधन झाले की चर्चमधील स्त्रिया त्या कुटुंबाच्या जेवणासाठी बटाट्याचा एक भाजलेला पदार्थ घेऊन येतात. किसून गोठवलेले बटाटे, चेडर, आंबट साय आणि डब्यातले घट्ट सूप एकत्र कालवायचे व वर लोण्यात घोळलेले कॉर्नफ्लेक्स पसरायचे, अशी त्याची रीत आहे. हा पदार्थ येथे इतका घरोघरचा आहे की २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी त्याचे चित्र असलेली पिनही निघाली होती. मूळ कृतीत कोंबडीचे सूप असते. आम्ही शाकाहारी असल्यामुळे मश्रूमचे घेतो. भाजायला पाऊण तास लागतो, म्हणून मी आदल्या रात्रीच सारे कालवून फ्रिजमध्ये ठेवते. घरी परतल्यावर ओव्हन सुरू करून पादत्राणे, दप्तरे, पोळ्या असे करेपर्यंत पदार्थ तयार होतो. मुलगा दर वाढदिवसाला हाच मागतो. पाहुण्यांना त्याचा मूळ प्रसंग आम्ही सांगत नाही.

तिरफळ
कॉर्नफ्लेक्सऐवजी भाजके पोहे चुरून घालून पाहावेत. आमच्या घरी तर उरलेला पातळ पोह्यांचा चिवडाच वर पडतो आणि शेंगदाण्यांसाठी भांडणे होतात.

उंबरठा
काचऱ्यांत टोमॅटो घातला की बटाटा दडदडीत का राहतो? वीस मिनिटे झाकून ठेवला तरी तो शिजत नाही, आणि सासूबाई माझ्याकडे न पाहता बटाट्याकडे पाहतात.

काथ्याकूट
आंबटपणामुळे बटाट्यातील पेक्टिन, म्हणजे पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा पदार्थ, विरघळत नाही, म्हणून फोडी करकरीत राहतात. टोमॅटो बटाटा शिजल्यावरच घालावा. सासूबाईंच्या नजरेवर रसायनशास्त्रात उपाय नाही.

घोडनदी
बटाटा कोणता घेता, हे कोणीच लिहिले नाही. आमच्या आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर खरिपात बटाटा होतो, आणि वेफर्सवाल्या कंपन्याही येथे करारावर लागवड करून घेतात. वेफर्सचा बटाटा कोरडा व पिठूळ असतो. तो उकडून कुस्करायला आणि चीजमध्ये मळायला उत्तम, परंतु काचऱ्या परतताना मोडतो. काचऱ्यांसाठी पातळ सालीचा, चिकट गराचा नवा बटाटा घ्यावा. शीतगृहातून नुकताच आलेला बटाटा गारठ्याने गोडसर झालेला असतो आणि तव्यावर लवकर काळवंडतो. तो आठवडाभर घरात, अंधाऱ्या कोपऱ्यात उघडा ठेवल्यास बराच सुधारतो.

रानजाई
कुकर उतरला. आज चतुर्थी असल्यामुळे एक शंका आहे : जिरे आणि मिरचीवर परतलेल्या बटाट्यांत चीज घातले, तर ते उपवासाला चालेल काय?

शेवंती
रानजाई, आमच्याकडे चालत असे, कारण आई स्वतःच ठरवी. चीज घालायचेच असेल तर वेष्टनावर हिरवा ठिपका आहे ना, तेवढे पाहावे. असे चीज विरजताना वासराच्या जठरातील रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, वापरत नाहीत, सूक्ष्मजीवांपासून केलेले वापरतात. इटलीचे अस्सल पार्मेजान मात्र वासराच्या रेनेटनेच होते.

डोंगरवाट
भूतानमध्ये आमच्या पारोच्या यजमानीणबाई रोज रात्री केवा दात्शी करीत. बटाट्याच्या चकत्या, उभ्या चिरलेल्या मिरच्या, थोडे लोणी आणि पाणी एकाच पातेल्यात झाकून शिजवायचे; फोडणी नाही, परतणे नाही. शेवटी घरचे चीज कुस्करून घालायचे, झाकण ठेवायचे आणि दोन-तीन मिनिटांनी ढवळायचे. लाल भाताबरोबर ते रस्सा म्हणूनही भागते. पुण्यात मी अर्धे पनीर आणि अर्धे डब्यातले चीज घेते, कारण नुसते पनीर वितळत नाही.

उंबरठा
डोंगरवाट, हे आजच करते. दुसऱ्या दिवशी डब्यात न्यायचे झाल्यास चीज आवळून बसते, त्यावर कोणी काही उपाय करते का?

तिरफळ
उरलेल्या काचऱ्या सकाळी पोळीत भरून, गुंडाळून, कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी दाबून भाजाव्यात. चीज पुन्हा सैल होते आणि थंड झाल्यावर सारण पोळीतून सांडत नाही. मी मात्र उरण्याची वाट पाहत नाही. रात्रीच दोन बटाटे जास्त चिरते आणि चीज घालण्यापूर्वी तेवढा भाग बाजूला काढून ठेवते.