वडगाव: मागाची तळखोली घरच्यांना बसायला-खेळायला करायची आहे, बजेट ऐंशी हजार

वडगावची_सून

नमस्कार. आमचं घर बेळगावच्या वडगावात, जागा उताराची. त्यामुळं रस्त्याच्या बाजूनं तळमजला आणि मागच्या बाजूनं अर्धं जमिनीत अशी एक लांब खोली आहे. मामंजींनी ती पॉवरलूमसाठी बांधली होती. माग विकून झाले, आता तिथं रिकाम्या बॉबिनची पोती, गणपतीचं मखर आणि एक मोडकं कपाट आहे. लांबी २४ फूट, रुंदी १४. स्लॅब साडेआठ फुटांवर, पण मधली बीम सव्वासातलाच. खिडक्या नाहीत, वर नुसते दोन झरोके. जिना आतूनच, स्वयंपाकघराच्या दारातून उतरतो.

घरात आम्ही सात माणसं. मुलांना कॅरम आणि टेबल टेनिस पाहिजे, मामंजींच्या भजनाला गुरुवारी चारपाच जण येतात, आणि मला तरी टीव्ही वरच्या खोलीतून खाली गेला तर देव पावला. ह्यांचं म्हणणं, खाली लाकडी फ्लोरिंग आणि वर पीओपी, म्हणजे हॉटेलसारखं दिसेल. मेस्त्री म्हणतो, ‘वॉटरप्रूफ कलर मारून सोडतो वहिनी, काळजीच नको.’ मागच्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पांढरं पीठ सुटलंय. फरशी म्हणजे कोबा, त्यात मागाचे बोल्ट अजून वर आलेत आणि तेलाचे काळे डाग. मेस्त्री म्हणतो तसं गणपतीच्या आत करून टाकायचं का? ऐंशी हजारांच्या वर एक रुपया नाही.

खानापूरचा_चिरा

वहिनी, मी आयुष्यभर साइटवर सुपरवायझर होतो, आता घरी बसून लोकांना सल्ले देतो, बायको वैतागते. तुमच्या मेस्त्रीला आधी चहा पाजा आणि रंगाचा डबा परत दुकानात द्यायला लावा.

ते पांढरं पीठ म्हणजे भिंतीचा खार. मागची भिंत मातीला टेकलीय, मातीतलं पाणी विटांमधून आत येतं, येताना क्षार विरघळवून आणतं, आतल्या हवेला आलं की पाणी उडून जातं आणि क्षार राहतो. त्यावर वॉटरप्रूफ रंग मारला की पाण्याची वाट बंद होत नाही, फक्त बाहेर पडायचं दार बंद होतं. मग रंगाचा फुगा येतो, प्लॅस्टर सुटतं आणि पुढच्या पावसाळ्यात खार गुडघ्याचा कमरेपर्यंत जातो. पीठ ओल्या फडक्यानं पुसू नका, ते परत आत जिरतं. कोरड्या ब्रशनं झाडा आणि घराबाहेर टाका.

आता फुकटची परीक्षा. पारदर्शक प्लॅस्टिकचे दोन फूट बाय दोन फूट तुकडे घ्या. एक मागच्या भिंतीला, एक कोब्यावर. चारी कडा चिकटपट्टीनं घट्ट बंद करा. एक दिवस आणि एक रात्र ठेवून बघा. प्लॅस्टिकच्या आतल्या अंगाला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला, थेंब असले तर पाणी जमिनीतून येतंय. बाहेरच्या, खोलीकडच्या अंगाला दव असेल तर ते हवेतलं आहे. ह्या दोन्ही रोगांची औषधं वेगळी आहेत. पाऊस चालू आहे तोवरच करा ही परीक्षा. मे महिन्यात आमच्या खानापूरकडच्या भिंतीसुद्धा कोरड्या ठणठणीत असतात, तेव्हा बघून काय कळणार?

आणि लाकडी फ्लोरिंग, प्लायवूड, पीओपी, जिप्समचे बोर्ड, हे सगळं मनातून काढा. ओल आली की प्लाय फुगतो, मग वाळवी येते. मागाची खोली आहे ती, हॉटेल नव्हे. शिवाय पीओपी सहाआठ इंच उंची खाणार. तळघराला २.४ मीटर उंची हवी असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते, म्हणजे पावणेआठ फुटांहून थोडं जास्त. तुमचा स्लॅब त्यात बसतो, छत आठ इंच खाली आणलंत की बसणार नाही.

निपाणकर

चिरा साहेबांशी सहमत, एक जोड. वडगाव-शहापूर-येळ्ळूर पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे, भाताची. आमच्या निपाणीकडंही तीच. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. मातीला टेकलेल्या भिंतीवर दरवर्षी हा दाब येतो. भिंतीत आडवी चीर आहे का, भिंत मधोमध आत पोट काढून आलीय का, ते बघा. सूत धरून बघितलं की लगेच कळतं. तसं असेल तर कॅरम राहू द्या बाजूला, आधी इंजिनिअरला दाखवा.

वडगावची_सून

प्लॅस्टिक लावून बघितलं. मागच्या भिंतीवर आतल्या अंगाला थेंब. कोब्यावरच्या तुकड्याला मात्र आत काही नाही, वर दव साचलेलं, बोटानं रेघ ओढता येत होती. सूत धरलं, भिंत सरळ आहे. चीर आहे पण उभी, झरोक्याच्या कोपऱ्यातून केसाएवढी.

मामंजींना आडवी चीर नाही म्हटल्यावर बरं वाटलं. ते म्हणाले, भिंत बांधताना मागं माती भरायच्या आधी काहीच लावलं नव्हतं. आणि पत्र्याच्या शेडची पन्हळ बरोब्बर त्या भिंतीच्या पायथ्याशी सुटते! इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही.

खानापूरचा_चिरा

मग अर्धं काम पन्हळीनंच होणार. छताचं सगळं पाणी भिंतीच्या मुळाशी ओतायचं आणि आत रंगाचे डबे उघडायचे, हे मी शंभर घरांत बघितलंय. उद्याच पीव्हीसी पाइप जोडून ते पाणी भिंतीपासून लांब, निदान पाचसहा फूट, न्या. ऐन आषाढात दुसरं काही होणारही नाही. मंगाई देवीच्या यात्रेच्या पाहुण्यांची गडबड संपली की मागच्या अंगणात एकदा पावसात छत्री घेऊन उभं राहा आणि पाणी कुठून कुठं वाहतं ते डोळ्यांनी बघा. उतार घराकडं असेल तर उलटा करायचा.

खोदाई दिवाळीनंतर. भिंतीलगत चर, आत छिद्रांचा पाइप, भोवती खडी, आणि पाइपाचं तोंड तुमच्याच उताराच्या खालच्या अंगाला मोकळं. चर उघडी असतानाच भिंतीला बाहेरून सिमेंटचं वॉटरप्रूफिंग दोन हात. पायाच्या खाली मात्र खोदायचं नाही, आणि सगळी भिंत एकदम उघडी करायची नाही, टप्प्याटप्प्यानं. ऐंशी हजारांतले निम्मे पैसे इथं गेले तरी जाऊ द्या. बघणाऱ्याला ते दिसणार नाहीत, त्यामुळं घरात वाद होणार, ते गृहीत धरा.

आतून जिथं खार संपतो त्याच्या हातभर वरपर्यंत प्लॅस्टर पाडा. विटा दिसू द्या. उन्हाळाभर तशाच वाळू द्या, मग नवं प्लॅस्टर आणि वर चुना. हो, साधा चुना. भिंतीला श्वास घेता येतो, उजेडही वाढतो. ऑइल पेंट नको.

कोब्यावरचं दव म्हणजे गार फरशीला बाहेरची दमट हवा लागतेय. पावसाळ्यात ‘हवा खेळू द्या’ म्हणून दिवसभर दार उघडं टाकलं तर दव वाढतंच, हे लोकांना पटत नाही. पाऊस पडत असताना बंद ठेवा, उघडीप मिळाली आणि ऊन आलं की उघडा. एका झरोक्यात एक्झॉस्ट पंखा बसवा, दुसऱ्याला जाळी.

तेल मुरलेल्या कोब्यावर सिमेंट धरत नाही. काळे डाग छिन्नीनं टोचून खाली स्वच्छ कोबा लागेपर्यंत काढा. बोल्ट वरून कापू नका, इंचभर खोल कापून वर माल भरा, नाहीतर गंज फुगून फरशी उचलते. वर शहाबादी फरशी घाला. आपल्याच कर्नाटकातली, स्वस्त, आणि कॅरमचा स्टँड ओढला तरी रडत नाही. बसायला सुती जमखाना, उचलून उन्हात टाकता येतो. रबरी पाठीचा गालिचा अजिबात नको, खाली ओल कोंडते.

टिळकवाडीचा_वायरमन

दोन गोष्टी कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

पहिली, वायरिंग. मागाच्या मोटारींची जुनी थ्री फेज लाइन, स्टार्टरचे बोर्ड तसेच असतील. हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, जोडणीचं काय करायचं ते त्यांच्या कार्यालयात विचारा, पण जुन्या तारेवर टीव्ही-पंखा चढवू नका. नवी लाइन केसिंग पट्टीतून भिंतीवरूनच घ्या. ओल्या भिंतीत खाचा मारून पाइप पुरला तर पुढं दुरुस्ती अवघड. सॉकेट जमिनीपासून तीन फूट वर. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि तपासलेलं अर्थिंग, ह्यात काटकसर नको. ओल्या कोब्यावर अनवाणी पोरं खेळणार आहेत.

दुसरी जास्त महत्त्वाची. तुमचा जिना स्वयंपाकघरातून उतरतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो पाण्यासारखा पायऱ्या उतरून खालच्या खोलीत साचणार, आणि वरच्या माणसाला वासही कमी येईल. जिन्याला उंबरा आणि घट्ट दार करा. गॅस डिटेक्टर लावणार असाल तर छताला नव्हे, खाली जमिनीपासून फूटभर वर. सिलिंडर, शेगडी, जनरेटर खाली कधीच नाही. कुणी झोपायलाही ती खोली वापरू नका, बाहेर पडायला एकच वाट आहे. रस्त्याच्या बाजूनं दार काढता येत असेल तर पहिला खर्च तिथं करा.

वडगावची_सून

रस्त्याच्या बाजूला आहे की दार! माग आत घेताना केलेलं मोठं शटर, गंजून बसलंय. ह्यांनी आज तेल घालून अर्धं वर केलं, उद्यमबागेतल्या ओळखीच्या फॅब्रिकेटरला दाखवणार आहेत. शटर काढून जाळीचं दार केलं तर उजेड येईल, आणि पीओपीचा विषयही आपोआप मिटला. मला वाटतं त्यांना फक्त काहीतरी मोठं काम पाहिजे होतं, ते मिळालं.

टेबल टेनिसचं काय ते सांगा. मुलं रोज विचारूलालीत.

निपाणकर

टेबल ९ फूट बाय ५. तुमच्या २४ बाय १४ मध्ये लांबीला दोन्हीकडं साडेसात-साडेसात फूट मिळतात, रुंदीला साडेचार. घरच्या खेळाला भरपूर. फक्त बीमच्या खाली टेबलाचा मधला भाग येऊ द्या, खेळणारा नको, नाहीतर पहिल्याच स्मॅशला बॅट बीमवर. घडीचं टेबल घ्या, गुरुवारी भजनाला भिंतीशी उभं करता येईल. हार्मोनियम आणि तबला मात्र वरच ठेवायला सांगा मामंजींना. पावसाळ्यात तबल्याचं चामडं सैल पडतं, खालच्या ओलीत तर सूरच धरणार नाही.

खानापूरचा_चिरा

ह्या गणपतीला मखर बाहेर काढा, कोबा टोचून बोल्ट कापून घ्या, पोरांना कॅरम मांडून द्या. एवढ्यात पाचसात हजारांच्या वर जाणार नाही. बाकी दिवाळीनंतर. कॅरम वापरून झाला की भिंतीला टेकवून ठेवू नका, त्या मागच्या भिंतीला तर नाहीच.

आणि वहिनी, ती पन्हळ कुठल्या बाजूला वळवताय? शेजाऱ्याच्या भिंतीकडं नको, नाहीतर पुढच्या जुलैत ते इथं येऊन प्रश्न विचारतील.