चंदेरी की लाल?
'विझर्ड ऑफ ऑझ' या गोष्टीत ऑझ या जादुई देशात पोचलेल्या डोरोथी या मुलीचे बूट मुळात कुठल्या रंगाचे, हा वरचा प्रश्न. मुळात चंदेरीच. लेखक एल. फ्रँक बॉमच्या १९०० सालच्या पुस्तकात तेच आहेत. १९३९च्या चित्रपटात टेक्निकलर या रंगीत चित्रणपद्धतीत पिवळ्या विटांच्या रस्त्यावर उठून दिसावेत म्हणून ते माणकासारखे लाल केले. हा लाल रंग चित्रपटाचा, पुस्तकाचा नव्हे. म्हणूनच १९८५च्या 'रिटर्न टू ऑझ'मध्ये तो वापरायला डिस्नेला १९३९चा चित्रपट काढणाऱ्या एमजीएम कंपनीला पैसे मोजावे लागले.

चित्रपटात डोरोथी घराचं दार उघडते आणि तोवरच्या तपकिरी पडद्यावर रंग येतात, त्या दृश्यात युक्ती साधी आहे. घराचा आतला सेटच तपकिरी रंगवला होता. पाठमोरी मुलगी म्हणजे तपकिरी फ्रॉकमधली बदली कलाकार. ती बाजूला होते आणि निळ्या फ्रॉकमधली, डोरोथी झालेली जुडी गारलँड पुढे येते. सगळं चित्रण रंगीत फिल्मवरच!

बुटांपेक्षा मला हिरव्या चष्म्यांची चुटपुट जास्त लागते. पुस्तकात ऑझच्या राजधानीत, पाचूनगरीत शिरताना प्रत्येकाला चष्मा घालून किल्लीने कुलूपबंद करतात. शहर हिरवं दिसतं ते त्यामुळे. चित्रपटाने ही लबाडी गाळली. शिवाय सगळा प्रवास स्वप्न ठरवला. पुस्तकात ऑझ खरंच आहे, आणि परतताना बूट वाळवंटात गळून पडतात.