रात्रपाळीला दोनच माणसं आणि नऊ जण अंथरुणावर: कूस बदलायचं गणित कसं बसवावं?

सायंतारा
आमच्या वृद्धाश्रमात 24 आजी-आजोबा आहेत. नऊ जण पूर्ण अंथरुणावर, सहा जण आधाराने चालणारे, बाकीचे हिंडते-फिरते. पाच जणांना इन्सुलिन, दोघांना राईल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी भरवायची नळी. रात्री 9 ते सकाळी 7 एक मावशी आणि एक मामा असतात. दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या सह्या रजिस्टरमध्ये नीट आहेत, तरी सकाळी माकडहाडावर आणि टाचांवर लाली दिसते. पडण्याच्या नोंदी बहुतेक पहाटे 4 ते 6 मधल्या. सात एअर बेड, म्हणजे पंपाने हवा भरणाऱ्या गाद्या, आहेत. विश्वस्तांपुढे प्रस्ताव ठेवायचा आहे. पैसा आधी कशावर घालावा: माणूस, गाद्या की बाथरूम?

रात्रपाळी
आधी वेळ मोजा. 9, 11, 1, 3 आणि 5 अशा पाच फेऱ्या, नऊ माणसं, म्हणजे 45 वेळा कूस बदलणं. डायपर, चादर, उशा धरून दोघांना मिळून सरासरी सात मिनिटं लागतात. झाले सव्वापाच तास, आणि तेवढा वेळ बेल वाजली तर जायला कुणीच मोकळं नाही. सह्या आणि लाली एकत्र दिसतात त्याचं कारण हेच. मावशींना रागावून उपयोग नाही, कामच त्या वेळात मावत नाही.

म्हणून नऊही जणांना एकाच मापाने मोजू नका. ज्यांची त्वचा आधीच लाल आहे, जे स्वतः जराही हलत नाहीत, ज्यांचं वजन उतरलंय, त्यांना दोन तासांनीच. उरलेल्यांना चांगल्या हाय-डेन्सिटी फोमच्या गादीवर तीन-चार तास चालू शकतात, पण हे सिस्टर आणि डॉक्टरांनी रोज त्वचा पाहून ठरवायचं. समजा चार जण दोन तासांच्या गटात आणि पाच जण चार तासांच्या गटात, तर 45 चे 35 होतात. फेरीतच डायपर बदला, वेगळी उठाठेव नको.

कूस बदलणं म्हणजे पूर्ण कुशीवर झोपवणं नव्हे. तसं केलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून साधारण 30 अंशांचा कल द्या. पोटरीखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवा. लाल जागेवर बोट दाबून सोडा. पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर भार काढल्यावर बहुधा सुधारते. दाबूनही लालच राहिली तर ती बेडसोरची, म्हणजे सतत पडून दाबाने होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथे हाताच्या मागच्या बाजूने ऊब आणि कडकपणा तपासा. स्पिरिट चोळून पावडर लावायची जुनी सवय बंद करा: स्पिरिटने त्वचा कोरडी पडते, चोळण्याने आतली इजा वाढते. मधे भोक असलेली रिंगही नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा दबतो.

एअर बेडचा पंप वजनानुसार लावलाय का ते बघा. माकडहाडाच्या खाली, गादीच्या तळाशी हात सरकवा. इंचभरही हवा हाताला जाणवली नाही तर माणूस थेट पलंगावरच झोपलाय असं समजा. वर जाड रबरी कापड आणि दुमडलेल्या चादरी घातल्या तर गादीचा गुण जातो. वीज गेली की हवा उतरते, म्हणून सातही पंप इन्व्हर्टरच्या लाईनवर हवेत.

ओळंबा
पहाटे पडण्याचं मूळ बहुतेक वेळा लघवीची घाई असते. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी उशिरा दिली जात असेल तर वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा. खर्च जवळजवळ शून्य. पहाटे 4 ला हाक मारून शौचाला नेणं हाही उपायच आहे.

बाथरूममध्ये कमोडची बैठक जमिनीपासून 45 ते 48 सेंमी, आधाराची दांडी 32 ते 40 मिमी जाडीची, भिंतीपासून 4-5 सेंमी अंतरावर. अर्धांगवायू असलेल्यांसाठी ती चांगल्या हाताच्या बाजूला. टाइलला चिकटणाऱ्या व्हॅक्यूमच्या दांड्या घेऊ नका. भिंत लाइटवेट ब्लॉकची असेल तर साधा फास्टनर झटक्यात उपटतो, केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून पक्का बसवलेला बोल्ट, लावा. दार बाहेर उघडणारं आणि कडी बाहेरूनही काढता येणारी हवी, कारण आत पडलेला माणूस नेमका दाराला अडतो.

पडलेल्याला लगेच काखेत धरून उचलू नका. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुबा मोडला असं धरून 108. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं असेल, तर बरं वाटत असलं तरी रुग्णालयात न्यायचंच.

मात्रा
इन्सुलिनबद्दल एकच नियम: ताट समोर आल्यावरच जेवणाआधीचं इंजेक्शन. सुई टोचून झाल्यावर आजोबा "भूक नाही" म्हणाले की मध्यरात्री साखर उतरते. दरदरून घाम, बडबड, न उठणं, असं काही दिसलं तर आधी ग्लुकोमीटर. 70 च्या खाली आणि गिळता येत असेल तर तीन चमचे, म्हणजे 15 ग्रॅम ग्लुकोज, आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जातं.

सायंतारा
सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. राईल्स ट्यूब उपसतात म्हणून एका आजींचे हात रात्री बांधण्याची सूचना आली आहे. आणि स्मृतिभ्रंश असलेले बाहेर जाऊ नयेत म्हणून मजल्याच्या दाराला कुलूप लावावं का?

रात्रपाळी
हात बांधू नका. बद्धकोष्ठता, तुंबलेली लघवी, नाकाला काचणारी चिकटपट्टी, यांपैकी काय आहे ते आधी शोधा. कारण दूर केल्यावर बऱ्याचदा ओढणं थांबतं. नळीतून देताना आणि नंतर तासभर डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर ठेवा, नाहीतर भरवलेलं फुप्फुसात जातं.

ओळंबा
कुलूप अजिबात नको. आग लागली की किल्ली ज्याच्या खिशात तोच नेमका धुरापलीकडे असतो. दाराला चुंबकाची बेल लावा, उघडलं की वाजते. अंथरुणावरचे नऊ जण तळमजल्यावर आणा आणि गादीच्या चादरीसकट ओढत बाहेर काढायचा सराव दोघांनाच करायला लावा, कारण रात्री दोघंच असतात. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं 'नमुना ब' प्रमाणपत्र महाराष्ट्रात दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये लागतं, ते फाइलला आहे का बघा.

रात्रपाळी
पैशाचा क्रम विचारलात तर माझ्या मते आधी तिसरा माणूस. पूर्ण रात्र परवडत नसेल तर निदान पहाटे 4 ते 7, पडण्याची आणि शेवटच्या फेरीची वेळ तीच. मग दांड्या, मग गाद्या. आणि रजिस्टरमध्ये वेळ छापून घेऊ नका, रकाना कोरा ठेवा. छापलेल्या वेळांसमोर सकाळी सहाला एका दमात बरोबरच्या खुणा होतात. कोऱ्या रकान्यात 1.20, उजवी कूस, टाच लाल, असं जागच्या जागी लिहावं लागतं.