जमिनीवाचून समता? थॅडियस स्टीव्हन्सचं स्वप्न कुठे अडलं

रानवाट:
सप्टेंबर १८६५. अमेरिकेतलं यादवी युद्ध नुकतंच संपलं होतं, दक्षिणेतले काळे गुलाम मुक्त होत होते. पेनसिल्व्हेनियाचा खासदार थॅडियस स्टीव्हन्स लँकेस्टरच्या भाषणात म्हणाला, दक्षिणेतल्या बड्या बंडखोर जमीनदारांच्या जमिनी जप्त करा, मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर द्या. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ऐकलं नाही. जून १८६६ मध्ये कायद्यापुढे सर्वांना समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या वेळी त्याने सभागृहात कबूल केलं, की सारी विषमता एकदाच जाईल असं स्वप्न होतं. आता जुन्या इमारतीची डागडुजीच करावी लागणार. माझ्या मते समता तिथेच हरली. जमीन नाही म्हणून माणसं पुन्हा त्याच मालकांच्या शेतात अर्धेलीने राबली, आणि दुकानदाराच्या वहीत कर्ज चढत गेलं.

शाईदौत:
नाही पटत. जमीन दिली, तरी राखणार कोण? उत्तरेच्या फौजेच्या जनरल शर्मनने जानेवारी १८६५ मध्ये साउथ कॅरोलायना ते फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर मुक्त झालेल्यांसाठी ४० एकरांपर्यंतचे तुकडे राखून ठेवले. त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सनने त्या जमिनी जुन्या मालकांना परत करायला लावल्या. मतदार नसलेल्या माणसाचा सातबारा कोणीही फिरवतो. आणि ज्याला तुम्ही डागडुजी म्हणता, त्याच चौदाव्या दुरुस्तीवर १९५४ साली शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरला.

ओसरी:
जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध लढलेल्या लोकांना अर्पण केली. इकडे ती मुक्ती केवढा मोठा आधार वाटत होती! तोवर तिकडे जमिनीचा प्रश्न गुंडाळला गेला होता, याचं वाईट वाटतं. पण शाईदौत यांचा मुद्दा खोडता येत नाही.

रानवाट:
का येत नाही? मिसिसिपीने १८९० मध्ये मतदान कर आणि वाचनाची परीक्षा घालून काळ्यांचं मतही काढून घेतलंच की. ज्याची भाकरी मालकाच्या हातात, त्याने मतासाठी भांडायचं कशाच्या बळावर? १९५४ चा निकाल मोठा, मान्य. पण १८६६ पासून ८८ वर्षं! तीन पिढ्या गेल्या.

शाईदौत:
मग स्टीव्हन्स हरला म्हणू नका. तब्येत खचलेली असताना मार्च १८६७ मध्ये त्याने जमिनीचं विधेयक पुन्हा आणलं. १८६८ मध्ये गेला, तेव्हा वर्णभेद न पाळणाऱ्या दफनभूमीतच त्याला पुरलं, त्याच्याच इच्छेने.

रानवाट:
मी माणूस हरला म्हटलं नाही, समता हरली म्हटलं. आणि १८६७ चं विधेयक तर माझ्याच बाजूचं आहे. दक्षिणेत काळ्या पुरुषांना मत देणारा कायदा त्याच महिन्यात झाला होता. तो हाती असतानाही त्याने जमीन मागितली.