तारापूर १-२ आणि तारापूर ३-४

डी ६०१: काल ग्रुपवर फॉरवर्ड आला होता, "अणुवीज आणि अणुबॉम्ब यांचा काडीचाही संबंध नाही." माझं गाव राजापूर तालुक्यात. परवा भाच्याने विचारलं, मामा, जैतापूरला अणुभट्ट्या आल्या तर तिथे बॉम्ब पण करतील का? मला काही सांगता येईना. बाई, तुम्ही फिजिक्स शिकवायचात, जरा सांगा ना.

बी ४०२: फॉरवर्ड माझाच. आणि बरोबर आहे. बहुतेक वीजकेंद्रांना ४-५ टक्के समृद्ध (म्हणजे कामाच्या अणूंचं प्रमाण वाढवलेलं) युरेनियम लागतं, बॉम्बला ९० च्या आसपास. कुठे ४, कुठे ९०! विषय संपला.

सेक्रेटरी: उद्या १० ते १२ पाणी बंद, टाकी धुवायची आहे. तुमचं चालू द्या 🙏

ए १०३ (बाई): काका, भट्टी बॉम्बसारखी फुटत नाही हे अगदी खरं. पण ४ आणि ९० मधलं अंतर दिसतं तेवढं नाही. खाणीतल्या युरेनियमच्या १००० अणूंत कामाचे, म्हणजे २३५ वाले, फक्त ७. ते ४ टक्क्यांवर न्यायचे तर बाकीच्यातले साधारण ८२५ काढून टाकावे लागतात. उरले १७५, त्यात ७. आता ९० टक्के हवेत? आणखी १६७ काढा, झालं. जड काम आधीच उरकलेलं असतं, आणि यंत्रं तीच. म्हणून इराण ६० टक्क्यांवर गेल्यावर एवढा गहजब झाला.

सी २०५: पाकिस्तानचंही तसंच ना? त्यांच्या बॉम्बमागचे अब्दुल कादिर खान नेदरलँड्समध्ये ज्या सेंट्रिफ्यूजच्या (युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांच्या) कामावर होते, ती वीजकेंद्रांच्या इंधनासाठीच होती. ती माहिती घेऊन ते १९७५ ला परतले आणि पुढे कहूटाचा समृद्धीचा कारखाना उभा राहिला.

बी ४०२: बघा! चोर ते. आपलं सगळं सरळ.

ए १०३ (बाई): 😀 काका, आपल्या डोंगरापलीकडे ट्रॉम्बेला सायरस भट्टी होती, ती आठवा. कॅनडाने दिलेली, आत लागणारं जड पाणी (जड हायड्रोजनचं पाणी) अमेरिकेचं, १९६० ला सुरू झाली. करारात अट एकच, वापर शांततेसाठी. पण अट पाळली जाते की नाही हे बघायला निरीक्षक पाठवायची सोय त्यात नव्हती. युरेनियम भट्टीत राहिलं की त्यात प्लुटोनियम तयार होतं, आणि तेही बॉम्बला चालतं. ते वेगळं काढायचा कारखानाही ट्रॉम्बेलाच, १९६० च्या दशकात उभा राहिला. कारण सांगितलं ते भाभांच्या तीन टप्प्यांच्या योजनेचं, पुढच्या भट्ट्यांना इंधन म्हणून प्लुटोनियम हवं. हे कारण खोटं नव्हतं बरं का. पण १८ मे १९७४ ला पोखरणला जे वापरलं ते सायरसचंच प्लुटोनियम. आपण त्याला "शांततामय अणुस्फोट" म्हटलं. कॅनडाला ते पटलं नाही, त्यांनी मदत तोडली. अणुसामग्रीच्या विक्रीवर नियम घालणारा अणुपुरवठादार देशांचा गट जन्मला तोच या स्फोटामुळे.

बी ४०२: सायरस संशोधनाची भट्टी होती. विजेचं एक युनिट तिने दिलं नाही. उगाच वीजकेंद्रांना का गोवता?

ए १०३ (बाई): हा मुद्दा तुमचा बिनतोड. वीजकेंद्रात इंधन बराच काळ जळतं, त्यामुळे नको असलेलं प्लुटोनियम-२४० वाढतं आणि बॉम्ब करणाऱ्याची डोकेदुखी होते. इंधन लवकर काढलं तर चांगला माल मिळतो. तारापूर १-२ मध्ये त्यासाठी अख्खी भट्टी बंद करावी लागते, ते लपत नाही. जड पाण्याच्या भट्ट्यांत मात्र चालू भट्टीतच इंधनाचे जुडगे बदलतात, रोजचं काम ते. तिथे कोणी बघणारा असेल तर प्रश्न नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था ८ किलो प्लुटोनियम एका बॉम्बपुरतं धरते. मोजमाप, सील, कॅमेरे ते त्यासाठीच.

डी ६०१: मग तारापूरला बघणारे आहेत का?

ए १०३ (बाई): हेच तर. एकाच ठिकाणी शेजारी शेजारी चार भट्ट्या. १-२ अमेरिकेने बांधल्या, १९६९ पासूनच्या, त्यांच्यावर निगराणी पहिल्यापासून. ३-४ आपल्या, जड पाण्याच्या, प्रत्येकी ५४० मेगावॅट. अमेरिकेशी अणुकरार करताना २००६ मध्ये आपण तेव्हाच्या, बांधकाम चालू असलेल्या धरून, २२ वीजभट्ट्यांपैकी १४ निगराणीखाली द्यायचं कबूल केलं. बाहेर राहिलेल्या ८ मध्ये तारापूर ३-४ आहेत. चौघीही ग्रिडला वीज द्यायलाच बांधलेल्या. ३-४ मधून बॉम्बसाठी काही काढलं असं मी म्हणत नाही. पण ती वाट मुद्दाम मोकळी ठेवलीय.

डी ६०१: आणि जैतापूर?

ए १०३ (बाई): परदेशी भट्टी, परदेशी इंधन, म्हणजे निगराणी येणारच. भाच्याला सांग, बॉम्बची काळजी करायची तर जैतापूर यादीत फार खाली. अपघात, समुद्र, जमिनी हे वेगळे प्रश्न, ते यात मिसळू नकोस.

सी २०५: म्हणजे इराणला "निरीक्षकांना दार उघडा" सांगायचं आणि आपलं अर्धं बंद? 🤔

ए १०३ (बाई): एक फरक आहे. अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर इराणची सही आहे, आपण ती कधीच केली नाही. त्यामुळे वचनभंग तसा त्यांच्यासारखा आपल्याला लागू होत नाही. कॅनडाला दिलेल्या शब्दाचं काय, ते मात्र उरतंच.

बी ४०२: ३-४ बाहेर ठेवल्या ते उत्तम केलं. एकीकडे चीन, एकीकडे पाकिस्तान. सगळं उघडून दाखवायला आपण काय खुळे आहोत?

ए १०३ (बाई): मग तसं लिहा ना, काका. ते एक मत झालं, त्यावर भांडता येईल. पण मग "काडीचाही संबंध नाही" हे कसं चालेल? संबंध आहे म्हणूनच तर त्या बाहेर ठेवल्या.

बी ४०२: लिहितो. फॉरवर्ड मात्र काढणार नाही.