मदत हवी आहे: सोसायटीत ई-वाहन चार्जिंगसाठी प्रत्येकाच्या मीटरवरून केबल टाकावी की सामाईक जोडणी घ्यावी?

नमस्कार.

आमची सोसायटी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, वाघबिळ नाक्याच्या आतल्या बाजूला आहे. दोन विंग, ९६ सदनिका, स्टिल्ट (इमारतीखालचा खांबांवरचा मोकळा तळ) आणि पोडियम (त्यावरचा गच्चीसारखा मजला) मिळून ८० मोटारींची जागा. इमारत २००८ सालची असल्यामुळे ती बांधताना विजेच्या गाडीचा विचार कुणी केला असेल असे मानायला जागा नाही. दोन वर्षांपूर्वी येथे एक विजेची मोटार होती, आज सात मोटारी आणि अकरा स्कूटर आहेत, आणि आणखी चार सभासदांनी गाडी नोंदवून ठेवली आहे. मी सोसायटीचा सचिव असून पेशाने हिशेबनीस आहे. विजेतले जे काही कळते ते गेल्या चार महिन्यांत लोकांना विचारून विचारूनच कळले आहे, तेव्हा चूक दिसल्यास निःसंकोच सांगावी.

विषय तातडीचा होण्याचे कारण आधी सांगतो. गेल्या पावसाळ्यात एका सभासदाने बी विंगच्या स्टिल्टमधील सामाईक सॉकेटला रात्री गाडी लावली. पहाटे साडेचारच्या सुमारास रखवालदाराला प्लॅस्टिक जळल्याचा वास आला आणि त्याने प्रसंगावधान राखून मेन स्विच पाडला. सकाळी पाहिले तेव्हा सॉकेटचा खालचा भाग तपकिरी होऊन फुगला होता, प्लगची एक पिन निळसर पडली होती आणि मागच्या तारेचे वेष्टण बोटाने चुरडले जात होते. ती तार मुळात दिव्यांसाठी टाकलेली दीड चौरस मिलिमीटरची होती. एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास आपोआप पडणारा स्विच) पडला नाही, कारण तो वारंवार पडतो म्हणून पूर्वी कुणीतरी त्याच्या जागी ३२ अँपिअरचा बसवून ठेवला होता. ते काम कुणाचे, याची चौकशी मी जाणूनबुजून केली नाही.

त्या दिवसापासून सामाईक सॉकेटवर चार्जिंग बंद आहे. गाडीवाले सभासद साहजिकच नाराज आहेत. बाहेरच्या चार्जिंग केंद्रांवर जायचे तर संध्याकाळी घोडबंदर रस्त्याची कोंडी पार करायची, तेथे एक यंत्र बंद आणि दुसऱ्यावर दोन गाड्या आधीपासून उभ्या, असा अनुभव त्यांनी समितीपुढे तपशीलवार मांडला आहे, आणि त्यात खोट काढण्यासारखे काही नाही.

सध्या समितीपुढे तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे ज्याने त्याने स्वतःच्या सदनिकेच्या मीटरपासून आपल्या पार्किंगपर्यंत आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल टाकून घ्यावी. यात सोसायटीला हिशेब ठेवावा लागत नाही. मात्र आमची मीटर रूम ए विंगच्या टोकाला आहे आणि पोडियमवरील काही जागा तेथून ७० मीटरहून लांब आहेत. आज सात केबल ओढल्या तर उद्या तीस ओढाव्या लागतील आणि मीटर रूमच्या भिंतीत तेवढी जागाच नाही. शिवाय घरगुती वापराचे दर टप्प्याटप्प्याने चढत असल्यामुळे गाडीचे महिन्याचे दीड-दोनशे युनिट घराच्या वापरात मिसळले की सभासद वरच्या टप्प्यात जातो, हे मी स्वतः दोघांच्या बिलांवरून ताडून पाहिले आहे.

दुसरा मार्ग, सोसायटीच्या नावाने महावितरणकडून ई-वाहन चार्जिंगच्या वर्गवारीतील वेगळी जोडणी घेऊन प्रत्येक जागेवर उपमीटर बसवण्याचा. तिसरा प्रस्ताव एका खासगी कंपनीचा आहे. ती सर्व यंत्रे ‘मोफत’ बसवून देणार आहे. कराराचा मसुदा वाचला तेव्हा दहा वर्षांची मुदत, त्या काळात दुसऱ्या कुणालाही चार्जर बसवण्यास मनाई आणि प्रतियुनिट दर ठरवण्याचा संपूर्ण अधिकार कंपनीकडे, एवढे सातव्या पानावर सापडले. हा प्रस्ताव मी मनातून बाद केला आहे, परंतु ‘मोफत’ हा शब्द ऐकून निम्मी समिती त्याच्या बाजूने आहे.

आता माझ्या अडचणी. विद्युत कंत्राटदाराने वीस मोटारींसाठी प्रत्येकी ७.४ किलोवॅट धरून १४८ किलोवॅटचा भार काढला आहे आणि एवढ्यासाठी इमारतीला नवा ट्रान्सफॉर्मर लागेल असे सांगितले आहे. आमच्या आवारात त्यासाठी मुलांच्या खेळण्याच्या जागेखेरीज दुसरी जागा नाही. हा हिशेब बरोबर आहे का? ज्यांच्याकडे विजेची मोटार नाही अशा ८९ सदनिकाधारकांच्या वर्गणीतून या कामाचा खर्च करणे न्याय्य आहे का, आणि नसेल तर उद्या गाडी घेणाऱ्याकडून किती घ्यायचे? सोसायटीने सभासदांकडून युनिटमागे पैसे घेतले तर ती वीजविक्री ठरून परवाना लागतो, अशी भीती आमच्या खजिनदारांनी घातली आहे, तिच्यात तथ्य आहे का? ज्यांनी आपल्या इमारतीत हे काम प्रत्यक्ष करून घेतले आहे त्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १

सचिव महोदय, मी विद्युत सल्लागार म्हणून काम करतो. आपल्या कंत्राटदाराचा गुणाकार बरोबर आहे, मात्र गृहीतक चुकले आहे. ठाण्याहून बीकेसीला जाऊन येणारी मोटार दिवसाला ४०-५० किलोमीटर चालते आणि त्यासाठी तिला साधारण सात-आठ युनिट लागतात. वीस गाड्यांचे मिळून १६० युनिट झाले. रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत ते समान वाटले तर सरासरी भार २० किलोवॅट येतो. १४८ हा आकडा फक्त तेव्हाच खरा ठरेल जेव्हा वीसही जण एकाच क्षणी पूर्ण क्षमतेने गाडी लावतील, आणि नेमके तेच होऊ न देण्यासाठी भार वाटून देणारी नियंत्रण यंत्रणा असते. एकूण मर्यादा समजा ४० किलोवॅट ठरवली, तर गाड्या वाढतील तसा प्रत्येकीचा वेग ती आपोआप कमी करते. पाऊण रात्रीत भरणारी गाडी पूर्ण रात्रीत भरते, एवढाच फरक पडतो. घरी रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीला ३.३ किलोवॅटचा चार्जर बहुतेक वेळा पुरतो. ७.४ चा आग्रह विक्रेते धरतात.

परवान्याची भीती अनाठायी आहे. चार्जिंग ही सेवा आहे, त्यासाठी विद्युत कायदा २००३ खाली परवाना लागत नाही, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. त्यामुळे आपला दुसरा मार्ग नियमांत बसतो. वेळेनुसार सवलत कोणत्या तासांना आहे ते मात्र चालू दरपत्रकात पाहूनच यंत्रणेची वेळ लावावी.

आपण वर्णन केलेला सॉकेटचा प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दिव्यांची तार काही मिनिटे १५ अँपिअर सहन करते. गाडी तोच भार सलग सात-आठ तास ओढते, आणि ढिल्या पिनेपाशी उष्णता साठत जाते. प्रत्येक चार्जरला स्वतंत्र सर्किट, त्यावर योग्य एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच) हवा. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच हवे, ठाण्याच्या पावसात स्टिल्टमध्ये पाणी शिरते हे वेगळे सांगायला नको. एक्स्टेंशन बोर्ड वापरण्यास सुरक्षा नियमांत स्पष्ट मनाई आहे. अर्थिंग मोजून घ्यावे. जुन्या इमारतींत अर्थिंगचा खड्डा असतो, पण त्याला जोडणारी धातूची पट्टी गंजून तुटलेली असते.

प्रतिसाद २

आपल्याकडे पार्किंग तरी आवारात आहे. मी नेरुळला सिडकोच्या जुन्या इमारतीत राहतो. येथे स्टिल्टच नाही, गाड्या रस्त्यालगत उभ्या राहतात आणि रोज जागा बदलते. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून केबल सोडणारे एक गृहस्थ आमच्याकडे होते, शेजाऱ्यांच्या तक्रारीनंतर ते बंद झाले. मी आता कार्यालयात गाडी चार्ज करतो. खर्चाबद्दल माझे मत असे की मुख्य केबल आणि पॅनेल हे लिफ्टसारखे सामाईक समजावे आणि शेवटच्या टप्प्यातील चार्जर ज्याचा त्याने घ्यावा. घर विकताना या सोयीची किंमत गाडी नसलेल्यालाही मिळतेच.

प्रतिसाद ३

लिफ्टची तुलना मला पटत नाही. लिफ्ट तळमजल्यावालाही गच्चीवर जाण्यासाठी वापरतो. आमच्या कळव्याच्या सोसायटीत सामाईक खर्च सिंकिंग फंडातून (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेल्या निधीतून) करण्याचा ठराव आला तेव्हा सभा रात्री साडेबारापर्यंत चालली आणि शेवटी बारगळली. नंतर तोडगा असा निघाला की पहिल्या दहा सभासदांनी पॅनेल आणि मुख्य केबलचा खर्च आपसांत उचलला आणि पुढे येणारा प्रत्येक जण ठरलेली प्रवेशरक्कम भरतो, ती पहिल्या दहा जणांना समान परत मिळते. हिशेब किचकट आहे, पण आपण हिशेबनीसच आहात.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद १ वाचून कंत्राटदाराला फोन केला. भार वाटून देणारी यंत्रणा त्यांना ठाऊक होती, ‘तुम्ही विचारले नाही’ एवढेच ते म्हणाले. काल रात्री दहा, बारा आणि दोन वाजता वायरमनला घेऊन मीटर रूममधील तिन्ही फेजवर (आर, वाय, बी या पुरवठ्याच्या तीन तारांवर) प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. दोन वाजता दहाच्या तुलनेत निम्म्याहून कमी प्रवाह होता, मात्र आर फेजवर बाकी दोहोंच्या जवळजवळ दुप्पट भार आहे. म्हणजे चार्जर बसवण्याआधी हे फेज समतोल करावे लागतील असे दिसते. प्रवेशरकमेचा मसुदा मी तयार करत आहे.

एक प्रश्न उरतो. आमच्याकडे बारा जागा यांत्रिक स्टॅक पार्किंगमध्ये (गाड्या एकावर एक ठेवणाऱ्या यंत्रात) आहेत आणि वरचा पाळणा, म्हणजे गाडी उचलणारा मंच, हलताना केबल जोडलेली राहिली तर काय होईल, याचे उत्तर पाळणा बसवणाऱ्यांकडेही नाही. कुणी अशा पार्किंगमध्ये चार्जर बसवून घेतला असल्यास केबल जोडलेली असताना पाळणा न हलण्याची व्यवस्था कशी केली, ते कृपया सांगावे.