ॲपवरून नको, थेट फोन करा

वर कुणीतरी लिहिलंय की मंदीत लहान हॉटेलं जगवायची तर ॲपवरून जास्त मागवा. मला हे पटत नाही. बिलातला मोठा वाटा ॲपच कापून घेतं. फोन करा आणि स्वतः जाऊन डबा आणा.

2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, ट्रक थांबले आणि डिचोली-सांगे पट्ट्यातल्या रस्त्याकडेच्या खानावळींचं गिऱ्हाईक गेलं. 2020 च्या टाळेबंदीत किनाऱ्याची पाळी आली. आमच्या वाड्यावरची खानावळ तेव्हा तगली ती महिन्याच्या गिऱ्हाइकांवर. आम्ही काही घरांनी डब्याचे पैसे आगाऊ दिले, त्यातून भाडं निघालं.

जून-जुलैत यांत्रिक बोटींना 61 दिवस मासेमारीबंदी असते. तेव्हा ताज्या इसवणाचा (सुरमईचा) हट्ट नको; सुक्या सुंगटांची किसमूर (सुक्या कोळंबीचं ओलं खोबरं घालून केलेलं तोंडीलावणं), खतखतं (मिश्र भाज्यांची आमटी), अळसांद्यांचं तोणाक (चवळीची वाटण घातलेली उसळ) मागा, तेही आपलंच जेवण. बारमध्ये बसाल तर व्हिस्कीऐवजी काजूची फेणी घ्या. 2009 पासून तिला भौगोलिक मानांकन आहे, आणि गावच्या बारमधली फेणी बऱ्याचदा जवळच्याच भट्टीवरून येते.

आणि कळकळीची विनंती, मागची उधारी असेल तर ती आधी चुकती करा.